मानेने माउस चालवायचा, तर आधी क्लिकचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ३४ वर्षांचा, सांगलीत एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करायचा. दुचाकीच्या अपघातात मानेला मार लागला, डॉक्टरांनी सी-५, म्हणजे मज्जारज्जूच्या मानेतल्या पाचव्या पातळीची इजा सांगितली. आता आठ महिने होऊन गेले. मान चांगली हलते, खांदे हलतात, कोपर वाकतो. मनगट आणि बोटं मात्र नाहीत. त्याला लॅपटॉपवर पुन्हा काम सुरू करायचंय. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, कॅमेऱ्यासमोर हात हलवून माउस चालेल असा प्रोग्रॅम मी लिहून देतो. एका विक्रेत्याने डोळ्यांनी चालणारं यंत्र सुचवलंय. यातलं काय घ्यावं?

ताई, यातलं काहीही आज घेऊ नका. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि ज्यांना माउस हातात धरता येत नाही त्यांना संगणकावर बसतं करणं हेच माझं रोजचं काम. विक्रेते आणि यूट्यूबवाले जे दाखवतात ते सगळं पॉइंटर हलवण्याचं असतं. मान हलली, बाण हलला, बघणारे खूश. पण तो सोपा भाग. घरी आणल्यावर घोडं अडतं ते क्लिकवर. माउस धरणारा हात एकाच वेळी दोन कामं करत असतो: बाण नेतो आणि बोटाने दाबतो. ही कामं इतकी एकजीव झालेली असतात की ती दोन आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. बोटं गेली की ती सुटी होतात, आणि प्रत्येकासाठी शरीराचा वेगळा भाग शोधावा लागतो. त्यातही भरवशाचा क्लिक मिळाला तर बाणाशिवाय भागतं. नुसत्या बाणाने मात्र एक फाइलसुद्धा उघडत नाही.

स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण घ्या. शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे वापरण्याजोगा गालाचा एक स्नायू उरला होता. चष्म्यावर बसवलेला इन्फ्रारेड सेन्सर त्याची हालचाल टिपायचा. पडद्यावर अक्षरं आणि पर्याय ओळीने उजळत जायचे, हवा तो आला की गाल हलवायचा. एवढ्यावर त्यांनी भाषणं लिहिली. इंटेलने त्यांच्यासाठी केलेली प्रणाली २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. या पद्धतीला स्कॅनिंग म्हणतात आणि विंडोजच्या ऑन-स्क्रीन कीबोर्डमध्येही तिची साधी आवृत्ती आहे. तुमच्या भावाला तिची गरज पडणार नाही, कारण त्याच्याकडे बरंच काही शिल्लक आहे.

किती शिल्लक आहे ते नीट बघू. मज्जारज्जू सी-४ पर्यंत शाबूत असेल तर मान आणि खांदे उडवणं मिळतं. सी-५ ला कोपर वाकवणारा स्नायू येतो, सी-६ ला मनगट वर उचलता येतं, सी-७ ला कोपर जोर लावून सरळ करता येतो. हे पुस्तकी गणित. प्रत्यक्षात डावा-उजवा हात सारखा असेलच असं नाही, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासून घ्या. पण सी-५ म्हणजे त्याचा हात खांद्यापासून टेबलावर मागेपुढे, आडवा सरकतो. मान, खांदा-कोपर आणि आवाज अशी तीन साधनं त्याच्यापाशी आहेत. सगळं ओझं मानेवर टाकायची गरज नाही आणि टाकूही नये.

त्याआधी एक अट. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर मान किती आणि कशी हलवायची याची स्पष्ट परवानगी सर्जनकडून घ्या. कॉलर निघाली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं.

आता भाच्याचा प्रोग्रॅम. ‘व्हर्च्युअल माउस’ हा आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतला शेवटच्या वर्षाचा लाडका प्रोजेक्ट आहे. गूगलचं मीडियापाइप कॅमेऱ्यातून पंजाचे २१ बिंदू ओळखतं. तर्जनीच्या टोकामागे बाण जातो, अंगठा आणि तर्जनीची चिमूट झाली की क्लिक. परीक्षकांसमोर झकास चालतं. पण भावाकडे चिमूट नाही आणि तर्जनी एकटी उचलता येत नाही, म्हणजे प्रोग्रॅमला हवं तेच नेमकं नाही. शिवाय धडधाकट माणसालाही हात हवेत धरून काम करायला लावलं तर काही मिनिटांत खांदा भरून येतो. या क्षेत्रातले लोक त्याला ‘गोरिला आर्म’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट हे अंगाची हालचाल टिपणारं खेळाचं यंत्र २०१० मध्ये आलं, २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. उभं राहून खेळायच्या खेळांना ते छान होतं, पण त्यासमोर हात हलवून कोणी ताळेबंद केल्याचं मी पाहिलेलं नाही. भाच्याचा उत्साह मात्र मोडू नका. त्याच्यासाठी पुढे एक काम काढून ठेवलंय.

डोळ्यांचं यंत्र ही खरोखर मोठी गोष्ट आहे, पण ती दुसऱ्यांसाठी. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये हात, मान, वाचा जाते तरी डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत राहते; त्यांना याहून चांगलं काही नाही. विंडोजमध्ये २०१७ पासून ‘आय कंट्रोल’ आहे, टोबी कंपनीची यंत्रं त्याला चालतात. भावाची अडचण साध्या भूमितीची आहे. नजर टिपताना अर्धा ते एक अंश इकडेतिकडे होतंच. पडदा ६० सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. एक्सेलची ओळ लॅपटॉपवर अर्धा सेंटिमीटरही उंच नसते. म्हणजे तो बघणार चौदाव्या ओळीकडे आणि निवडली जाणार तेरावी किंवा पंधरावी. व्हॉट्सॲपला हे चालून जातं, हिशेबाला नाही.

आणि डोळा हा मुळात बघण्यासाठी आहे, दाखवण्यासाठी नाही. नजर जिथे थांबेल तिथे क्लिक होणार असेल तर माणूस वाचणार कधी? भस्मासुराला जसा स्वतःच्या हाताचा धोका, तसा इथे स्वतःच्या नजरेचा. संशोधक याला ‘मिडास टच’ म्हणतात आणि १९९० च्या सुमारापासून त्यावर लिहिलं जातंय. अडचण पुन्हा तीच, क्लिकची.

तर बाण मानेवर. यासाठी सुरुवातीला एक पैसाही लागत नाही. बॉस्टन कॉलेजमध्ये तयार झालेला ‘कॅमेरा माउस’ विंडोजवर फुकट मिळतो. तो चेहऱ्यावरचा एक बिंदू, बहुधा नाकाचं टोक, पकडून त्याच्यामागे बाण नेतो. ‘ईव्हायाकॅम’ हा दुसरा, मुक्त स्रोताचा, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारा. मॅक असेल तर ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘हेड पॉइंटर’ आधीच बसवलेला आहे. मी बहुतेकांना ईव्हायाकॅमने सुरुवात करून देते, कारण त्यात आडवा आणि उभा वेग वेगळा ठेवता येतो. मान डावी-उजवीकडे सहज वळते, वर-खाली कमी. दोन्हींचा वेग सारखा ठेवला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात जाताना हनुवटी वर ताणावी लागते आणि संध्याकाळी मान धरते. उभा वेग थोडा जास्त ठेवा. ‘मोशन थ्रेशोल्ड’ म्हणजे किती हालचाल झाली की बाण हलावा. तो अगदी कमी असेल तर श्वासाबरोबरही बाण थरथरतो. ‘स्मूदनेस’ जास्त केला की थरथर जाते, पण बाण दोरीला बांधल्यासारखा मागून येतो. दोन्हींत मधली जागा शोधायला काही दिवस जातील. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

एक युक्ती मात्र पहिल्याच दिवशी शिकवा. काही वेळाने असं होतं की मान उजवीकडे वळलेली असते आणि बाण मात्र पडद्याच्या मध्यावर. अशा वेळी बाण मुद्दाम डाव्या कडेला न्यायचा आणि कडेला टेकल्यावरही मान डावीकडे थोडी पुढे वळवत राहायची. बाण कडेशी अडकून राहतो, मान पुढे जाते. मग मान सरळ केली की दोघांचा मेळ परत जमतो. हाताच्या माउसला आपण उचलून परत मध्ये ठेवतो तेच हे. हे न सांगितल्यामुळे ‘बाण भलतीकडेच जातो’ म्हणून प्रोग्रॅम सोडून दिलेली माणसं बरीच भेटतात.

उजेडाकडे लक्ष द्या. खिडकी पाठीमागे असेल तर कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो आणि बिंदू सुटतो. खिडकी समोर किंवा बाजूला हवी. संध्याकाळसाठी चेहऱ्यावर येणारा एक दिवा. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहील, पण अंधारात मान निरुपयोगी, म्हणून इन्व्हर्टरवर तो दिवाही घ्या. लॅपटॉप उंच करून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणा, किंवा दीड-दोन हजारांतला वेगळा वेबकॅम लावा. चष्म्याच्या काचेवर दिवा चमकत असेल तर नाकाऐवजी ओठाच्या वरचा भाग पकडून बघा.

बसणं यापेक्षाही महत्त्वाचं. धड डुलत असेल तर मान कितीही चांगली असो, बाण स्थिर राहत नाही. कमरेला आणि छातीला आधार, दोन्ही कोपर टेबलावर किंवा आर्मरेस्टवर टेकलेले. व्हीलचेअरचा हेडरेस्ट कानांना अडत असेल तर कामापुरता मागे घ्या. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, मग विश्रांती, आणि ठरलेल्या वेळी बुडावरचा दाब कमी करणं कामाच्या नादात चुकवायचं नाही. अजून एक, घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं: काम करताना अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर ते पडद्यामुळे आलेली डोकेदुखी समजू नका. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर इजा असलेल्यांमध्ये रक्तदाब असा एकाएकी चढतो. सरळ बसतं ठेवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का ते आधी बघा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

आता क्लिक. ईव्हायाकॅममध्ये ‘ड्वेल’ आहे: बाण एका जागी ठरावीक वेळ थांबला की क्लिक होतो. शिकायला हे सोपं, सुरुवात यानेच होऊ दे. दीड सेकंदापासून सुरू करून हळूहळू कमी करा. पण ड्वेलवर दिवसभर काम करणं थकवतं. वाचायलाही बाण कुठेतरी ‘सुरक्षित’ जागी नेऊन ठेवावा लागतो, डबल-क्लिक आणि ड्रॅगसाठी आधी वेगळ्या पट्टीवर जाऊन तसं निवडावं लागतं. चेहऱ्याच्या हावभावांनी क्लिक करायची सोयही आता आहे. गूगलने २०२३ मध्ये ‘प्रोजेक्ट गेमफेस’ आणला, त्यात भुवया उंचावणं, तोंड उघडणं अशा हावभावांना क्लिक जोडता येतो. अँड्रॉइड १२ पासून फोनमध्येही ‘कॅमेरा स्विच’ आहेत, त्यात हसणं आणि डावी-उजवीकडे बघणं हेही चालतं. फोनसाठी हे जरूर वापरून बघा. ऑफिसच्या कामाला मला ते फारसं पटत नाही: फोनवर बोलताना तोंड उघडतं, कोणी विनोद केला की हसू येतं, आणि दर क्लिकला भुवया उचलून तासाभरात कपाळ दुखतं.

तुमच्या भावासाठी माझं मत स्पष्ट आहे. बाण मानेने, क्लिक हाताने. त्याचा पंजा मुठीसारखा असला तरी खांद्याच्या जोरावर तो एका मोठ्या बटणावर पडू शकतो. आणि इथे भाच्याचं काम येतं. एक जुना यूएसबी माउस उघडायचा. डाव्या बटणाखाली एक छोटा स्विच असतो. त्याच्या ज्या दोन टोकांत बटण दाबल्यावर जोड होतो, त्यांना दोन वायरी डाग देऊन बाहेर काढायच्या आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला गेमच्या मशीनवर असतं तसं मोठं गोल पुश बटण लावायचं. मध्ये ३.५ मिलिमीटरची जॅक-पिन घातली तर नंतर बटण बदलता येतं. बाजारात मिळणारे खास ‘ॲबिलिटी स्विच’ही याच पिनचे असतात. विंडोजला दोन माउस एकाच वेळी चालतात, दोघांचा बाण एकच. त्यामुळे मानेचा प्रोग्रॅम बाण नेतो, आणि उघडलेला माउस फक्त क्लिक देतो. त्याचा खालचा प्रकाश-सेन्सर काळ्या चिकटपट्टीने झाकून टाका, म्हणजे बाण उगाच हलणार नाही. बटण टेबलाला वेल्क्रोने पक्कं करा. सरकणारं बटण म्हणजे रोजची भांडणं. उजव्या क्लिकसाठी दुसरं बटण नंतर बघू.

ज्या हाताने बटण दाबेल, त्याच हाताने मोठा ट्रॅकबॉल फिरवता येतो का तेही एकदा तपासा. मुठीच्या कडेने चेंडू ढकलता आला तर कदाचित मान अर्ध्याच कामाला लागेल. शरीराचा दुसरा भाग वापरायची कल्पना काही आजची नाही. १९६० च्या दशकात डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी माउसची तुलना लाइट पेन, जॉयस्टिक यांच्याशी केली, तेव्हा त्या चाचण्यांत टेबलाखाली बसवलेलं, गुडघ्याने चालणारं साधनसुद्धा होतं.

डोक्याला लावायची तयार साधनं, म्हणजे कपाळावर चकाकती टिकली लावून चालणारी किंवा चष्म्यासारखी घालायची, कॅमेऱ्यापेक्षा स्थिर चालतात आणि अंधाराची फिकीर नसते. आपल्याकडे चेन्नईच्या डेक्स्ट्रोवेअरने ‘माउसवेअर’ नावाचं असं साधन केलंय. पण फुकटच्या कॅमेऱ्यावर काही आठवडे काम केल्याशिवाय यांचा विचार नको. तोवर त्याला स्वतःला कळलेलं असेल की आपल्याला काय अडतंय.

आता त्याच्या खऱ्या कामाकडे येऊ, कारण इथे सगळं चित्र पालटतं. टॅली हा मुळात कीबोर्डचा प्रोग्रॅम. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, विक्रीला एफ८, खरेदीला एफ९, मान्य करायला कंट्रोल-ए. टॅली मानेच्या माउसने चालवायचं म्हणजे अर्धा पडदा ऑन-स्क्रीन कीबोर्डने अडवून एकेक आकडा टिपत बसायचं. त्यापेक्षा मनगटाला आधार देणारा स्प्लिंट आणि त्यात बसवलेली रबरी टोकाची टायपिंग काडी फार बरी. खांद्याने हात हलवून तो खऱ्या कीबोर्डवर एकेक कळ दाबेल. वेगळा यूएसबी नंबर पॅड समोर ठेवला तर हात जास्त फिरवावा लागत नाही. दोन कळा एकत्र दाबता येणार नाहीत, म्हणून ‘स्टिकी कीज’ चालू करा. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज स्वतःच विचारतं. मग आधी कंट्रोल, नंतर ए, असं सावकाश चालतं. हात कळेवरून पटकन उचलला न गेल्याने एकच आकडा तीनदा उमटत असेल तर ‘फिल्टर कीज’ आहेत. स्प्लिंट मात्र ऑनलाइन मागवू नका, थेरपिस्टकडून मापाने करून घ्या. त्या भागात संवेदना नसते आणि घट्ट पट्ट्याची जखम त्याला कळणारही नाही.

एक्सेल आणि जीएसटी पोर्टलला मान आणि बटण कामाला येतं. एक्सेलचा झूम आणि विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के करा, लक्ष्य मोठं झालं की मानेची निम्मी कसरत वाचते. माउसच्या सेटिंगमध्ये ‘स्नॅप टू’ असतं. डायलॉग उघडला की बाण आपोआप ‘ओके’वर जाऊन बसतो. पोर्टल काही वेळ हालचाल दिसली नाही की बाहेर काढतं, तेव्हा लांबलचक फॉर्म आधी एक्सेलमध्ये तयार ठेवायचा. ओटीपीसाठी गूगल मेसेजेसचं वेब पान लॅपटॉपवरच उघडं राहू दे.

मराठी लिहिणं त्याला लागतं का ते तुम्ही सांगितलं नाहीत. लागत असेल तर ऑन-स्क्रीन कीबोर्डवर टिपायला लावू नका. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत ‘मुख्य’ लिहायला म, उकार, शिफ्ट, ख, हलन्त, य असे सहा क्लिक. दीड सेकंदाच्या ड्वेलने नऊ सेकंद, बाण नेण्याचा वेळ वेगळा. गूगल डॉक्समध्ये आणि फोनच्या जीबोर्डवर मराठी बोलून टाइप होतं, पत्रं आणि मेसेज त्यावर सोपवा. हिशेबाचे आकडे मात्र बोलून घालू नयेत. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत आवाज ओळखणारी यंत्रं अजून गल्लत करतात.

मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्या, वर लिहिलेलं त्यांच्यासमोर ठेवा. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर आधी तेच काढा. सरकारी योजनेतून साधन मागताना पहिल्यांदा ते विचारतात.

राहिली एक बारीक गोष्ट, जी सगळं जमल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी आडवी येते. मानेचा प्रोग्रॅम विंडोज सुरू झाल्यावर, लॉगिननंतर चालू होतो. म्हणजे पासवर्डच्या पडद्यावर बाण नसतो. तसंच ‘या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का’ असं विचारणारी खिडकी आली की पडदा अंधारतो आणि मानेचा बाण तिथेच गोठतो. पासवर्डऐवजी फक्त आकड्यांचा पिन ठेवा, तो टायपिंग काडीने घालता येतो, प्रोग्रॅम ‘स्टार्टअप’च्या यादीत टाका, आणि परवानगीची खिडकी आली तर त्याच काडीने ‘टॅब’ आणि ‘एंटर’ वापरून उत्तर द्यायचं, हे त्याच्याकडून एकदा करवून घ्या.